उपवासकाळ, ज्वारीची भाकरी आणि साखरेची गोळी

राखेच्या बुधवारी (अॅश वेन्सडे) सुरू होऊन ईस्टरपर्यंत चालणारा ख्रिस्ती उपवासकाळ रविवार वगळून चाळीस दिवसांचा. हा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कधीही येतो. सोलापुरात म्हणजे थंडी ओसरत असताना सुरुवात, आणि शेवटचा आठवडा कडक उन्हात. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, या काळात आहार आणि व्यायामाचा एक नेम चालतो. तो कसा बसवला, कुठं अडला आणि का अडला, हे मापांसकट इथं लिहितो आहोत. दुसऱ्या मंडळ्यांना तो जसाच्या तसा उचलता यावा, एवढाच हेतू आहे.

आधी पाया पक्का करावा लागतो, कारण चुकीच्या पायावर केलेला उपवास माणसाला आजारी पाडतो. पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायात शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हणतो. तिथं विषय जारकर्माचा आहे, जेवणाचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण हे शरीर आपल्या मालकीचं नाही, मोल देऊन घेतलेलं आहे, हा मुद्दा ताटापर्यंत येतोच. दुसऱ्या बाजूला कलस्सैकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात शरीराचे हाल करण्यातली भक्ती दिसायला शहाणपणाची पण कामाची नाही, असा स्पष्ट इशारा आहे. आम्ही नेमाची सुरुवात एलीयाच्या वृत्तान्तानं करतो, राजे पहिलं पुस्तक, अध्याय १९. जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडलेल्या संदेष्ट्याला देवदूत आधी उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला लावतो. चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. देव शरीराकडे कसं पाहतो हे यापेक्षा सरळ कुठं सांगितलेलं आम्हाला आढळलं नाही.

राखेच्या बुधवाराच्या दोन आठवडे आधी नोंदणी होते. प्रत्येकाला एक कार्ड. त्यावर वय, चालू असलेली औषधं, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई असेल तर ती नोंद, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार. औषधाचं नाव विचारलं की लोक ब्रँड सांगतात, तेही अर्धवट. म्हणून गोळ्यांची पट्टीच आणायला सांगतो आणि मागच्या बारीक अक्षरांतलं मूळ औषध वाचतो. इथं चूक परवडत नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर जेवण चुकल्यानं साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता कमी असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर ती नक्कीच जाऊ शकते, कारण ही औषधं पोटात अन्न आहे की नाही हे न बघता साखर उतरवतात. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते; तिच्यावर लांबलचक उपाशी राहिलं की शरीरातलं पाणी घटतं आणि रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. बीपीच्या गोळीत लघवीचं औषध असेल तर उन्हात चक्कर येते. अशा सगळ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायचं, आणि तोवर जेवणाची वेळ चुकवायची नाही. त्यांचा उपवास वेगळ्या गोष्टीचा असतो: गोडाचा, तळणाचा, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मोबाइलचा. कॅथलिक मंडळीतसुद्धा राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेचा बंधनकारक उपवास १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांनाच आहे, आणि त्यातही एक पूर्ण जेवण व दोन छोटी खाणी चालतात. आजाऱ्यानं उपाशी राहावं असं कुठलीच जुनी मंडळी सांगत नाही.

मग मोजमाप. बीपी घेण्यापूर्वी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही. जिना चढून आलेल्याचं बीपी लगेच घेतलं तर आकडा उगाच वाढतो आणि माणूस घाबरतो. दोन वेळा मोजायचं, मध्ये एक मिनिट सोडून. कमरेचा घेर हा वजनापेक्षा उपयोगाचा आकडा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की पोटाभोवतीच्या चरबीची काळजी घ्यावी. टेप लावायची जागा म्हणजे शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडल्यावर. बायकांचा घेर हमखास परकराच्या नाडीवर मोजला जातो, तिथं साडीच्या निऱ्यांचा फुगारा असतो आणि आकडा पाच-सहा सेंटिमीटरनं खोटा येतो. म्हणून हे माप महिला मंडळाच्या खोलीत, बायकांनीच घ्यायचं.

आकडे फक्त ज्याच्या त्याच्या कार्डावर. फलकावर यादी नाही, स्पर्धा नाही, सर्वांत जास्त वजन उतरवणाऱ्याला टाळ्या नाहीत. स्पर्धा लावली की लोक मोजणीच्या आदल्या दिवशी पाणी सोडतात, आणि ज्यांचं वजन उतरत नाही ते रविवारी मागच्या बाकावर बसायला लागतात. देवाच्या घरात कोणालाही आपल्या अंगाची लाज वाटता कामा नये. या बाबतीत आम्ही फार कडक आहोत.

आता ताट. उपवासकाळ आणि नवी रब्बी ज्वारी बाजारात एकदमच येतात. मंगळवेढ्याची मालदांडी याच दिवसांत घरोघरी भरली जाते. त्यामुळं नेम भाकरीभोवतीच बांधला. पण 'ज्वारी आहे, कितीही खा, साखर वाढत नाही' हा समज सोलापुरात इतका घट्ट आहे की तो आधी तराजूवर मोडावा लागतो. महिला मंडळात परात आणि स्वयंपाकाचा काटा ठेवून आम्ही हे करून दाखवतो. रोजच्या हातानं बाई एका भाकरीचं पीठ घेते, ते काट्यावर ठेवतो. बहुतेक हात ८० ते १०० ग्रॅमला थांबतात. अशा तीन भाकऱ्या म्हणजे अडीचशे ग्रॅम पीठ, आणि त्यात पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास पिष्ट. ज्वारीत चोथा आहे, ती मैद्यापेक्षा कितीतरी चांगली, पण पिष्ट ते पिष्टच. मग ६० ग्रॅम पिठाची भाकरी थापायची. ती साधारण २०० कॅलरींची होते. पीठ आठवड्याला पुरेल एवढंच दळून आणायचं. शिळ्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि मग बाई फाटू नये म्हणून जाड थापते. भाकरी जाड होण्याचं निम्मं कारण हे असतं. पीठ जुनं असलंच तर उकळत्या पाण्यानं मळलं की चिकटपणा बराचसा परत येतो.

ताटाचा अर्धा भाग भाजीचा: शेपू, चाकवत, मेथी, आंबाडी, मिळेल तोवर करडईची कोवळी भाजी, दोडका, वांगं, काकडी. पाव भाग डाळ, उसळ, अंडं, मासा किंवा चिकनचा. उरलेल्या पावात भाकरी, म्हणजे एक, फार तर दीड. आधी भाजी आणि उसळ खायची, भाकरी नंतर मोडायची. एवढ्या क्रमबदलानंसुद्धा जेवणानंतरची साखर कमी उसळते. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची तक्रार एकच, की पोट भरत नाही. तपासलं तर नव्वद टक्के घरांत भाकरी कमी झालेली असते आणि भाजी मात्र पूर्वीइतकीच, दोन चमचे. वाटी मोठी करा, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

शेंगाचटणीबद्दल थोडं. ती सोडायची नाही. दोन मोठे चमचे म्हणजे वीसेक ग्रॅम, शंभरच्या वर कॅलरी, पाचेक ग्रॅम प्रथिनं. हे चांगलं अन्न आहे. बिघडतं ते वरून ओतलेल्या तेलानं आणि मिठानं. दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात चटणी, लोणचं, पापड, खारी, बिस्किट सगळं आलं. घरी कुटताना मीठ निम्मं करून लसूण वाढवला तर पंधरवड्यात जिभेला फरक कळेनासा होतो.

तेलाचा हिशेब डब्यावरच लिहायचा. माणशी महिन्याला ५०० ते ६०० मिली, चौघांच्या घरात दोन ते अडीच लिटर. डबा फोडला त्या दिवशी तारीख मार्करनं टाकायची, संपला की दुसरी. फोडणीत किटलीनं तेल सोडण्याऐवजी चमच्यानं मोजून घातलं की फरक त्याच आठवड्यात दिसतो. रविवारी उपासनेनंतर मटण हा आमच्या घरांचा ठरलेला बेत. तो मोडायला कोणी सांगू नये, आणि उपवासकाळातले रविवार तसेही उपवासात धरत नाहीत. मटण शनिवारी शिजवून फ्रीजमध्ये ठेवलं तर वर थिजलेला थर चमच्यानं काढता येतो. तर्री कमी होते, चव राहते.

दानीएलाचा उपवास म्हणून शाकान्न आणि पाणी घेणारे दरवर्षी काहीजण असतात. पहिल्या अध्यायातली परीक्षा दहा दिवसांची होती आणि तिचा शेवट दानीएल व त्याचे सोबती इतरांपेक्षा धष्टपुष्ट दिसण्यात झाला, हे लोक विसरतात. मांस, अंडी, दूध एकदम बंद होतं आणि त्या जागी साबुदाणा, बटाटा, वेफर्स येतात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. साठीच्या बाईनं चाळीस दिवस असं काढलं तर उतरलेल्या वजनात मांड्यांचे स्नायूही उतरलेले असतात, आणि पायरी चढताना ते कळतं. दर किलो वजनामागे रोज ०.८ ते १ ग्रॅम प्रथिनं हवीत; ६० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. घट्ट उसळीची एक वाटी साधारण ७-८ ग्रॅम, अंडं ६, भाकरी ६. आपल्याकडचा हुलगा (कुळीथ) यासाठी उत्तम. त्याचं माडगं सकाळी घेतलं की दुपारपर्यंत भूक लागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना मात्र हा हिशेब लागू नाही, त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण पाळायचं.

घरचं ताट बदलणं तुलनेनं सोपं. अवघड जातं ते मंडळीचं टेबल. उपासनेनंतरचा दोन चमचे साखरेचा चहा आणि बिस्किटं, वाढदिवसाचा केक, प्रीतिभोजनाची बिर्याणी. चहात साखर न घालता ती बाजूला वाटीत ठेवणं, बिस्किटांऐवजी फुटाणे आणि पेरू, बिर्याणीच्या आधी कोशिंबिरीची फेरी, ताटली एक माप लहान: एवढं बसवायलाही वेळ लागला. कारण आपल्याकडे वाढणं हेच प्रेम. 'मावशी, थोडंसंच' म्हटलं की मावशी दुखावतात. शेवटी पाळकसाहेबांनी रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय घेतला: खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष देऊ नये. त्यानंतर आग्रह न करणं हा नेमाचाच भाग झाला. दोन्ही बाजूंना तो लागू आहे. दुसऱ्याच्या ताटातल्या केकवर शेरा मारणाऱ्यालाही.

व्यायामात लक्ष्य आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याचं, आणि दोन दिवस ताकदीच्या व्यायामाचं. ज्यांना काहीच सवय नाही त्यांनी पहिले दोन आठवडे प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालायचं, बस. साखरेच्या रुग्णांना हे सर्वांत लवकर लागू पडतं, कारण जेवणानंतर रक्तात येणारी साखर चालते स्नायू ओढून घेतात. बाकीचे सकाळी संभाजी तलाव, होम मैदान किंवा जवळची बाग, ज्याला जे सोयीचं. मार्चच्या मध्यापासून सातच्या आत घरी परतायचं. वेग कसा ओळखायचा? चालता चालता स्तोत्र म्हणता आलं पाहिजे, पण गीत गाता येऊ नये. आरामात गाता येत असेल तर पावलं वाढवा. स्तोत्राचं एक वचनही धापेशिवाय म्हणता येत नसेल तर कमी करा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. मधुमेहींनी चपलेवर चालू नये. बंद बूट, सुती मोजे, आणि घरी आल्यावर तळवे आरशात बघायचे. संवेदना कमी झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही.

ताकदीचा व्यायाम मंडळीच्या हॉलमध्ये होतो. प्लास्टिकच्या खुर्च्या फरशीवर सरकतात, त्यामुळं उपासनेचे जड लाकडी बाक वापरतो. बाकावर बसून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, ८ ते १२ वेळा, थोडं थांबून पुन्हा. गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. मग भिंतीला हात टेकून दंड, बाकाची पाठ धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, आणि पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं. जोर लावताना लोक श्वास कोंडतात, त्यानं बीपी चढतं. म्हणून आकडे सगळ्यांनी मोठ्यानं मोजायचे. दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर पुढच्या वेळी संख्या निम्मी. योगासनं करावीत की नाहीत यावर मंडळीत मतं वेगळी आहेत. आम्ही सगळ्यांना मोकळेपणानं करता येतील असे साधे व्यायाम घेतले आणि तो वाद हॉलमध्ये आणला नाही.

विड्या वळणाऱ्या बहिणींसाठी हे सगळं अपुरं पडतं. सूप मांडीवर घेऊन, मान खाली घालून दिवसभर बैठक. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय उठणं परवडत नाही. त्यांना सकाळचा फेरा सांगणं म्हणजे त्यांच्या आयुष्याकडे न बघता बोलणं. त्यांच्यासाठी नेम असा: दर जुडी बांधून झाली की उभं राहायचं, खांदे मागे फिरवायचे, घरातल्या घरात शंभर पावलं. कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांनी मुख्य जेवण पाळीच्या आधी घ्यायचं, मध्यरात्री वडापावऐवजी फुटाणे-ताक. आणि मिश्री. चाळीस दिवस गोड सोडणाऱ्या कित्येक बायका दिवसातून चारदा मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तोंडाच्या कर्करोगाचं कारण आहे. उपवासकाळात एकच गोष्ट सोडायची असेल तर ती सोडावी.

गुड फ्रायडेची तयारी वेगळी करावी लागते. दुपारी १२ ते ३ ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना, हॉल भरलेला, बाहेर ऊन, आणि अर्धे लोक सकाळपासून उपाशी. उपाशीपोटी सकाळची साखरेची गोळी घेऊन आलेला माणूस दोनच्या सुमारास घामेजतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. शेजाऱ्यांना वाटतं प्रार्थनेत गहिवरला. दाराजवळच्या टेबलावर ग्लुकोमीटर, पट्ट्या, साखर, पाणी आणि ओआरएस ठेवलेलं असतं. साखर ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढीच, आणि सावरल्यावर भाकरी किंवा बिस्किट. यंत्र हाताशी नसेल तर तपासणीसाठी थांबायचं नाही, साखर द्यायची. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळं साखर रक्तात हळू जाते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. गोळ्या चालू असलेल्यांनी त्या दिवशी न्याहारी करूनच यावं, हे राखेच्या बुधवारापासून दर रविवारी जाहीर केलं जातं, आणि पाणी सगळ्यांनी प्यावं हेही.

गोळ्यांबद्दल आणखी एक. नेमानं साखर खाली येते तेव्हा काहीजण 'प्रभूनं बरं केलं' म्हणून औषध आपल्या मनानं बंद करतात. आजारी हिज्कीया राजाची प्रार्थना देवानं ऐकली, आयुष्याची १५ वर्षं वाढवली, तरी यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. राजे दुसरं पुस्तक, अध्याय २०. डोस कमी करायचा तो तपासणीचा कागद पाहून डॉक्टरांनी. प्रार्थना त्याच्या आधीही करायची आणि नंतरही.

वाचलेल्या तेलाचे, मटणाचे, केकचे पैसे कुठं जावेत हे यशयाच्या ५८व्या अध्यायानं आधीच ठरवून दिलं आहे: भुकेल्याला भाकर वाटणं. पाकिटं ईस्टरच्या सकाळी गोळा होतात. त्यातून मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दोन महिन्यांची तूरडाळ, हुलगा आणि ज्वारी भरून दिली जाते. ज्यांच्या ताटात मुळातच कमी आहे त्यांना कमी खायला सांगायचं नसतं.

ईस्टरनंतरच्या रविवारी पुन्हा घेर आणि बीपी, त्याच खोलीत, त्याच टेपनं. एचबीएवनसीची तपासणी मात्र घाईनं करू नये. ती रक्तातल्या साखरेची मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळं नेम सुरू झाल्यापासून तीन महिने पुरे होईपर्यंत खरा फरक कागदावर उतरत नाही. कार्डावर मेअखेरची किंवा जूनची तारीख त्याच दिवशी लिहून द्यायची, आणि ज्यांना प्रयोगशाळेची फी जड जाते त्यांनी सरकारी दवाखान्यात जायचं, सोबत मंडळीतला एकजण.